पाच गिनी, सतरा लाख आणि मावशीचा फॉर्म

गेल्या मे महिन्यात मावशीने मला साताऱ्याला बोलावून घेतलं. "एक फॉर्म भरायचाय, तुझं अक्षर बरं आहे," एवढंच म्हणाली. मावशी ५३ वर्षांची. काका जाऊन सात वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. फॉर्म एका वधू-वर सूचक केंद्राचा होता, पुनर्विवाह विभागाचा.

पहिला रकाना 'मुलीचे नाव'. मग जन्मवेळ, रास, नाडी, उंची, वर्ण. हे सगळं भरून झालं आणि पेन एका जागी थांबलं: 'पालकांचे नाव व संपर्क'. आजी-आजोबा दोघंही नाहीत. मावशी म्हणाली, "तुझंच नाव टाक. नाहीतरी चौकशीचा फोन आला तर उचलणार तूच." असं करून मी २८व्या वर्षी एका ५३ वर्षांच्या 'मुलीची' पालक झाले. पैसे भरले, पावती मिळाली. पावतीवर छापलेलं होतं, 'नोंदणी शुल्क परत मिळणार नाही.'

तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेट-सेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अडकलाय. "संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?" हे तुम्ही मला सारखं विचारता. मी एमएस्सी संख्याशास्त्रात केलं आणि पीएचडीला संगणकाच्या सामाजिक वापराच्या इतिहासाकडे वळले. या लेखातला प्रश्न मात्र मला ग्रंथालयात सापडला नाही, त्या फॉर्मवर सापडला. म्हणून तो कसा वाढत गेला, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी प्रश्न नीट मांडू

'उशिरा जोडीदार शोधणारी माणसं' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा: ज्या वयात आई-वडील, काका-मामा, शेजारीपाजारी स्थळ सुचवायचं थांबवतात, त्या वयात माणूस पैसे देऊन नेमकं काय विकत घेतो? आणि विकणारा नेमकं कशाचे पैसे घेतो?

विशीतल्या मुला-मुलींसाठी ही सेवा फुकट असते बघा. लग्नकार्यात चार बायका नजर फिरवतात, दोन पत्रिका आपोआप घरी येतात. पन्नाशीत असं होत नाही. म्हणजे पैसे देऊन घेतली जाते ती तुटलेली ओळखीची साखळी. हे माझं गृहीतक. गृहीतक तपासायला एक ठिकाण लागतं, जिथे हा धंदा बराच काळ चालला आणि ज्याबद्दल लिखित साधनं उरली. मला ते लंडनमध्ये सापडलं.

१६९५: जाहिरात छापणाऱ्याला लग्नाशी काय देणंघेणं?

इंग्लंडमध्ये लग्नाच्या छापील जाहिरातींचा इतिहास सांगताना साधारण १९ जुलै १६९५ या तारखेपासून सुरुवात करतात. जॉन हाउटन नावाचे गृहस्थ शेती आणि व्यापाराविषयी एक साप्ताहिक काढत. त्यात त्या दिवशी एका तिशीच्या गृहस्थाची जाहिरात आली. आपली मालमत्ता चांगली आहे आणि साधारण ३,००० पौंड बाळगून असलेल्या तरुण स्त्रीशी लग्न करायची इच्छा आहे, असा तिचा आशय.

यात प्रेम कुठे आहे, हे विचारू नका. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. जाहिरात छापणारा छपाईचे पैसे घेतो. उत्तर आलं काय, न आलं काय, त्याचा हिशोब पूर्ण झालेला असतो. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९३९: न्यू बाँड स्ट्रीटवरचं ऑफिस

आता जवळजवळ अडीचशे वर्षं पुढे येऊ. १७ एप्रिल १९३९ रोजी लंडनमधल्या १२४, न्यू बाँड स्ट्रीट या पत्त्यावर 'मॅरेज ब्यूरो' उघडला. चालवणाऱ्या दोन तरुणी, हेदर जेनर आणि मेरी ऑलिव्हर. दोघी साधारण पंचविशीच्या. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि पत्रांचा ढीग पडला.

कल्पना साधी होती आणि तिचा संबंध थेट आपल्या भागाशी आहे. आसाम-सिलोनचे चहामळे, वसाहतींतल्या सरकारी नोकऱ्या, इथे काम करणारे इंग्रज पुरुष काही वर्षांनी रजेवर मायदेशी जात. रजा काही महिन्यांची. गावातल्या जुन्या ओळखी पुसट झालेल्या, बरोबरीच्या मुलींची लग्नं होऊन गेलेली. परत जहाजात बसण्याआधी बायको शोधायची कशी? या पुरुषांची ओळखीची साखळी अंतराने तोडली होती. ब्यूरो ती पैसे घेऊन जोडून देणार होता.

नोंदणीची फी पाच गिनी. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, तेव्हा पाच गिनी झाल्या सव्वापाच पौंड. आणि लग्न जमलं तर वेगळी फी. म्हणजे इथे हाउटनच्या साप्ताहिकासारखं नव्हतं. लग्न जमण्यात ब्यूरोचाही स्वार्थ गुंतलेला होता.

ब्यूरो उघडल्यावर पाच महिन्यांच्या आत दुसरं महायुद्ध सुरू झालं. धंदा बंद पडला नाही. या ब्यूरोवर पेनरोज हॅल्सन यांचं पुस्तक २०१६ साली आलं. इथे एक धोक्याची खूण करते: हॅल्सन यांनी पुढे स्वतः हा ब्यूरो चालवला होता. मालकाने लिहिलेला धंद्याचा इतिहास टाकून द्यायचा नसतो, कारण आतली माहिती तिथेच मिळते. पण जमलेल्या लग्नांच्या गोष्टी तिथे जास्त येणार आणि पाच गिनी भरून रिकाम्या हाताने परतलेल्यांच्या कमी, हे वाचताना मनात ठेवायचं.

सतरा लाखांचा आकडा कसा वाचायचा

१९३९ मध्ये अशा ऑफिसची पायरी चढायला चाळिशीतली स्त्री का तयार झाली असेल? सगळीकडे एकच उत्तर मिळतं: पहिलं महायुद्ध. ब्रिटनचे सुमारे सात लाख सैनिक त्यात मेले. १९२१च्या खानेसुमारीत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी जास्त निघाल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना 'जादा स्त्रिया' असं नाव दिलं. कल्पना करा, तुम्ही २४ वर्षांच्या शिक्षिका आहात आणि सकाळच्या पेपरात तुमची गणना 'जादा' मध्ये झालेली आहे.

पण आपण संख्याशास्त्राच्या माणसांनी इथे थांबायला हवं. तीन गोष्टी तपासू.

पहिली, युद्धाआधी काय होतं? १९११च्या खानेसुमारीतही हा फरक दहा लाखांच्या वर होता. म्हणजे सगळा दोष युद्धाच्या माथी मारता येत नाही. मोठ्या संख्येने पुरुष कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, हिंदुस्थान इकडे गेलेले होते. ब्यूरोचे रजेवरचे गिऱ्हाईक आणि मायदेशातल्या 'जादा' स्त्रिया ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मेसमध्ये होते आणि शेजारणीला हलवून सांगितलं होतं.

दुसरी, हा फरक सगळ्या वयांचा मिळून आहे. स्त्रिया जास्त जगतात, म्हणून त्यात सत्तरीतल्या विधवाही मोजल्या गेल्या. '१७ लाख मुलींना नवरा मिळाला नाही' असं वाक्य कुठे वाचलंत तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा.

तिसरी, पिढी पुढे सरकवून बघा. युद्धकाळात, म्हणजे १९१४ ते १९१८ दरम्यान, जी मुलगी विशीची झाली, ती जन्मली १८९४ ते १८९८ मध्ये. ब्यूरो उघडला तेव्हा ती ४१ ते ४५ वर्षांची होती. तिची 'लग्नाची वेळ' युद्धात गेली होती, पण ती माणूस म्हणून कुठे गेली नव्हती. आकडेवारीच्या तक्त्यात पिढी एकदा दिसते आणि मग इतिहासकार दुसऱ्या तक्त्याकडे वळतात. तुम्ही तिच्या मागे चालत राहा. लोकसंख्याशास्त्रात याला समूह-पाठपुरावा म्हणता येईल, पण साध्या भाषेत सांगायचं तर, "मग पुढे तिचं काय झालं?" हे विचारत राहणं.

यात कायद्याचीही भर पडली. इंग्लंडमध्ये १९३७ पर्यंत घटस्फोटाला प्रत्यक्षात व्यभिचार हेच कारण चाले. १९३७च्या कायद्याने क्रूरता, तीन वर्षं सोडून जाणं, बरा न होणारा मनोविकार ही कारणं जोडली आणि १ जानेवारी १९३८ पासून तो लागू झाला. जे वर्षानुवर्षं वेगळे राहत होते, त्यांतल्या काहींना आता कायद्याने पुन्हा लग्न करता येणार होतं. ब्यूरो उघडला त्यानंतर सव्वा वर्षाने.

१९६४: जोन बॉल

संगणकाने जोडीदार शोधण्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी १९६५ मध्ये हार्वर्डला सुरू होते. जेफ टार आणि वॉन मॉरिल या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' काढलं. तीन डॉलर भरा, प्रश्नावली सोडवा, पंचकार्डं यंत्रातून जातील आणि तुम्हाला नावांची यादी येईल. कॉलेजची मुलं-मुली, शनिवारची संध्याकाळ, मजा. मासिकांना फोटो छापायला याहून चांगला विषय कुठला?

याच्याही आधी, १९५९ मध्ये, स्टॅनफर्डच्या जिम हार्वी आणि फिल फायलर यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून आयबीएम ६५० यंत्रावर ४९ पुरुष आणि ४९ स्त्रियांच्या जोड्या लावल्या होत्या. पण तो अभ्यासाचा भाग होता, व्यवसाय नव्हता.

आता लंडन. जोन बॉल, जन्म १९३४. विवाह ब्यूरोत काम करून धंदा शिकलेली. १९६२ मध्ये तिने स्वतःचा ब्यूरो काढला आणि १९६४ मध्ये 'सेंट जेम्स कॉम्प्युटर डेटिंग सर्व्हिस' सुरू केली. पुढच्या वर्षी तिचं 'कॉम-पॅट' झालं. म्हणजे पैसे घेऊन संगणकावर जोड्या जुळवणारी ही सेवा हार्वर्डच्या मुलांच्या आधीची. आणि तिच्याकडे येणारे लोक शनिवारची संध्याकाळ घालवायला आलेले विद्यार्थी नव्हते. लग्न करायचं म्हणून आलेले, वयाने पुढचे, त्यांत घटस्फोटित होते, जोडीदार गेलेलेही होते.

तिची अडचण वेगळीच होती. वर्तमानपत्रं तिच्या जाहिराती घ्यायला कचरत, कारण असल्या ब्यूरोंच्या आड भलतेच धंदे चालतात असा समज होता. शेवटी तिने समुद्रात जहाजावरून चालणाऱ्या बेकायदा रेडिओ केंद्रांवर जाहिराती दिल्या. तरुणांची गाणी वाजवणाऱ्या त्या लहरींवरून चाळिशीतल्या माणसांना निरोप जात होता!

आणि तिच्या प्रश्नावलीचा रोख माझ्यासारखीला फार आवडणारा. काय हवं यापेक्षा काय नको, यावर तिचा भर. ब्यूरोत काउंटरमागे बसून ती एक गोष्ट शिकली होती: एकदा संसार केलेल्या माणसाला काय हवं ते सांगता येत नाही, पण काय नको ते अगदी नेमकं सांगता येतं.

१९७४ मध्ये तिने कॉम-पॅट विकलं. घेणारे जॉन पॅटरसन, ज्यांनी १९६६ मध्ये 'डेटलाइन' सुरू केलं होतं. डेटलाइन मोठं झालं, नाव राहिलं. बॉल जवळजवळ विसरली गेली. तिने २०१२ मध्ये आत्मचरित्र लिहिलं आणि इतिहासकार मार हिक्स यांनी तिची कथा पुन्हा संशोधनात आणली. हिक्स यांचा मूळ अभ्यास ब्रिटनच्या संगणक क्षेत्रातून स्त्रिया कशा बाजूला पडल्या यावर आहे.

'पहिलं कोण?' हा प्रश्न का विचारायचा

मार्गदर्शक तुम्हाला सांगतील की 'पहिलं कोण' हा पोरकट प्रश्न आहे. बरोबरच आहे. पण 'पहिलं म्हणून कुणाचं नाव राहिलं आणि का' हा पोरकट प्रश्न नाही.

हार्वर्डच्या मुलांचं नाव राहिलं, कारण त्यांचे ग्राहक तरुण होते. त्यांना फोटो काढून घ्यायला लाज नव्हती, कॉलेजच्या वर्तमानपत्रात लिहायला लाज नव्हती, आठवणी सांगायला पुढची साठ वर्षं होती. बॉलचे ग्राहक नाव गुप्त ठेवायचे पैसे देत होते. ज्याने गुप्ततेची किंमत मोजली, तो अभिलेखागारात कसा सापडेल? म्हणजे ही सेवा जितकी चांगली चालली, तितका तिचा पुरावा कमी उरला.

तुमच्या विषयातही हे आहे का बघा. गुप्तरोगांचे रुग्ण, सावकाराकडून कर्ज काढणारे, परीक्षेत नापास झालेले. साधनं कमी आहेत म्हणजे माणसं कमी होती, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

गणित काय म्हणतं

विज्ञानाच्या लोकांसाठी हा भाग. बॉलने आपला ब्यूरो काढला त्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा 'स्थिर जुळणी'वरचा प्रसिद्ध निबंध अमेरिकेत छापून आला. शॅप्लींना याच वाटेवरच्या कामासाठी २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अ‍ॅल्विन रॉथ यांच्याबरोबर.

स्थिर जुळणी म्हणजे काय? जोड्या अशा लागल्या पाहिजेत, की आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जाणं दोघांनाही जास्त आवडेल असे स्त्री-पुरुष उरणार नाहीत. गेल-शॅप्ली यांनी दाखवलं, की प्रत्येकाचा पसंतीक्रम माहीत असेल तर अशी जुळणी नेहमी लावता येते.

पण संख्या सारख्या नसतील तर? समजा पाच स्त्रिया आणि तीन पुरुष, आणि कुणालाच एकटं राहायचं नाही. दोन स्त्रिया उरणार, हे पहिलीतलं मूलही सांगेल. सांगता न येणारी गोष्ट पुढे आहे. स्थिर जुळण्या एकापेक्षा जास्त असू शकतात, पण त्या प्रत्येक जुळणीत उरणाऱ्या दोन स्त्रिया त्याच असतात. विषम संख्यांच्या जुळणीवर १९७० मध्ये मॅकविटी आणि विल्सन यांनी काम केलं, त्यातला हा निष्कर्ष. अट एवढीच, की पसंतीक्रमात बरोबरी नसावी.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. याचा अर्थ असा: यंत्र महागडं घ्या, सूत्र बदला, फी दुप्पट करा, पसंती तशाच राहिल्या तर मागे राहणाऱ्या स्त्रिया त्याच राहतात. ही यादी बदलायची तर एकतर माणसं वाढली पाहिजेत, नाहीतर पसंती बदलली पाहिजे.

उत्तरायुष्यात तर हा तराजू आणखी कलतो. स्त्रिया जास्त जगतात, आणि पुरुष बहुधा स्वतःपेक्षा लहान जोडीदार मागतात. पन्नाशीच्या स्त्रीसाठी उरलेले साठीचे पुरुष संख्येने कमी, साठीच्या पुरुषासमोर पर्याय जास्त.

आता बॉलच्या 'नको'चा हिशोब करू. समजा यादीत १०० माणसं आहेत आणि तुमच्या प्रत्येक 'नको'ने निम्मी गळतात. पहिल्या नकोला ५०, मग २५, मग १२, मग ६. पाचव्या नकोला ३ उरतात. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. पण आपल्याकडच्या फॉर्मवर नाडी, गोत्र, पोटजात, जिल्हा आणि 'मुलांची जबाबदारी नको' हे पाच रकाने आहेत, एवढं सांगते.

फी हाही पुरावा आहे

आता १६९५चा मुद्दा वहीतून काढा. कागदपत्रं जळाली, ग्राहकांनी नावं लपवली, तरी दरपत्रक बऱ्याचदा उरतं. त्यातून खूप कळतं.

फक्त नोंदणीची फी घेणारा सगळ्यांकडून सारखे पैसे घेतो, जे उरणारच आहेत त्यांच्याकडूनही. त्याला रजिस्टर फुगवण्यात फायदा. लग्न जमल्यावर फी घेणारा ज्यांचं जमण्यासारखं आहे त्यांच्याकडे जास्त लक्ष देतो; त्याला अवघड माणसं नको असतात. न्यू बाँड स्ट्रीटच्या ब्यूरोने दोन्ही घेतल्या, आणि मला वाटतं ते नुसत्या लोभाने नव्हतं. पाच गिनींत ऑफिसचं भाडं निघतं आणि नंतरच्या फीमुळे ब्यूरोलाही कष्ट घ्यावे लागतात. धोका कुणी किती उचलायचा, याची ती वाटणी होती. हार्वर्डच्या तीन डॉलरांत असा काही करार नाही. तिथे नावांची यादी मिळाली की व्यवहार संपला.

माझं सुरुवातीचं गृहीतक थोडं बदलायला हवं, ते इथे. माणूस ओळखीची साखळी विकत घेतो, हे खरं. पण नातेवाईक फुकट स्थळ सुचवत तेव्हा जमलं नाही तर त्यांनाही चार शब्द ऐकावे लागत. ती जबाबदारी पावतीबरोबर मिळते का, हे फीच्या रचनेवर ठरतं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे पुनर्विवाहाचा इतिहास धंद्यातून नाही, चळवळीतून आला. १८५६चा विधवा पुनर्विवाह कायदा, १८६६ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांनी मुंबईत पुढाकार घेऊन काढलेलं विधवाविवाहोत्तेजक मंडळ, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी स्वतः केलेला पुनर्विवाह. हे आपण शाळेत शिकलो. पण सुधारकांचा भर बालविधवांवर होता, आणि त्या काळात तो असणं साहजिकही होतं. मुलं मोठी झालेल्या पन्नाशीच्या स्त्रीला सोबत हवीशी वाटेल, हे त्यांच्या चित्रात फारसं नव्हतं.

त्याच १८५६च्या कायद्यात एक कलम होतं: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई. कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. मावशीने फॉर्म भरल्याचं कळल्यावर घरातून आलेला पहिला फोन मात्र "फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?" हे विचारायला होता. रद्द झालेली कलमं माणसांच्या तोंडात किती वर्षं टिकतात, यावर कुणीतरी प्रबंध लिहा.

परत साताऱ्याला

वर्षभरात केंद्राकडून मावशीला चार स्थळं आली. एकाला स्वयंपाकाला आणि आजारी आईकडे बघायला कुणीतरी हवं होतं, त्याने ते लपवलं नाही. दुसऱ्याने वय पाच वर्षांनी कमी लिहिलं होतं. तिसऱ्यांशी दोनदा चहा झाला, मग त्यांच्या सुनेचा फोन मला आला, पालक म्हणून. चौथ्यांनी उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात नूतनीकरणाचं पत्र आलं. मी सुट्टीवर होते, दोघी केंद्रात गेलो. भिंतीवर जमलेल्या लग्नांचे फोटो, हार घातलेली जोडपी. मी तुम्हाला नेहमी सांगते ना, अंश दिसला की छेद विचारा. पण छेद मी विचारला नाही, मावशीने विचारला. काउंटरवरच्या ताईंना म्हणाली, "तुमच्या रजिस्टरात माझ्या वयाच्या बायका किती आहेत, आणि पंचावन्न ते पासष्टचे पुरुष किती?"

ताई गोंधळल्या. "काकू, असं कुणी विचारत नाही."

"मग मोजा. मी बसते."

त्यांनी खरंच मोजलं, अर्धा तास लागला. आकडा मी इथे देत नाही, तो एका केंद्राच्या एका रजिस्टरचा आहे आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. मावशीने तो पावतीच्या मागे लिहून घेतला, बराच वेळ बघितला, आणि सहा महिन्यांचेच पैसे भरले, वर्षाचे नाही. नवीन फॉर्म मिळाला तेव्हा 'पालकांचे नाव' या रकान्यावर तिने स्वतः आडवी रेघ मारली आणि खाली आपला मोबाइल नंबर लिहिला. 'अपेक्षा' मध्ये आधी आम्ही दोघींनी सात ओळी लिहिल्या होत्या. या वेळी तिने नाडी आणि जिल्हा काढून टाकलं. 'खोटं वय नको' एवढं नवं घातलं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयातलं असं एखादं रजिस्टर शोधा, जे सगळ्यांसमोर पडलेलं आहे आणि कुणी मोजलेलं नाही. समोरचा "असं कुणी विचारत नाही" म्हणाला, की खुर्ची ओढून बसा.